सातवा नकाशा

१

नगरसभेचा टाऊन क्लार्क पिकल्स टोपी न घालता जिना उतरलेला एल्डरक्लफ या गिरणीगावात कधी कुणी पाहिला नव्हता. त्या जूनमधल्या बुधवारी सकाळी दहाला तो तसाच धापा टाकत तळमजल्यावरच्या नगर वाचनालयात शिरला, तेव्हाच टिर्झा अ‍ॅक्रॉइडनं ओळखलं की काहीतरी विपरीत घडलंय.

"अ‍ॅक्रॉइडबाई, वर चला. आत्ताच्या आत्ता."

"आणि वाचनालय कोण बघणार?"

"पुस्तकं काही पळून जात नाहीत," पिकल्स म्हणाला. "नकाशे जातात."

वरच्या दप्तरखान्यात एक कपाट उघडं होतं. याच टाऊन हॉलचे मूळ नकाशे त्यात गुंडाळ्या करून ठेवलेले असत. 'पाया' अशी चिठ्ठी लावलेली गुंडाळी टेबलावर पडली होती. तिच्यात सहावा नकाशा होता, आठवा होता, नववा होता. सातवा नव्हता.

"काल क्रॅबट्रीनं लेखी मागणी केली, पायाचे सगळे नकाशे सभेपुढे ठेवा," पिकल्स म्हणाला. "आज बघतो तर हे. तीन वाजता सभा. आता तो गावभर ओरडणार, म्हाताऱ्यानं पुरावा पळवला म्हणून. तुम्ही त्याच्या हापिसात होतात, तीनच्या आत शोधा."

म्हातारा म्हणजे एनॉक गारसाइड. वय वर्षं सत्त्याहत्तर, धंदा वास्तुशिल्पाचा, चौतीस वर्षं नगरसेवक आणि दोनदा नगराध्यक्ष. डोंगरातलं पाणी गावात आणायचं म्हणून हा माणूस आधी सभेत नऊ वर्षं भांडला आणि मग स्वतःच धरणाचा नकाशा काढायला बसला. बाजाराची इमारत त्याची, शाळा त्याची, गिरणीतल्या बायकांसाठी गरम पाण्याचं धुणीघर त्याचं. आणि टाऊन हॉल, त्याच्या दोनशे फुटी टॉवरसकट. टिर्झानं अठराव्या वर्षापासून सोळा वर्षं त्याच्या हापिसात नकाशे ट्रेस केले होते, पेन्सिलीच्या रेघा पारदर्शक कापडावर शाईनं उतरवल्या होत्या. या माणसासमोर उभं राहिलं की आजही तिचा पदर सारखा करायला हात जावा तसा कॉलरकडे जायचा. तिनं आयुष्यात खरोखर मोठी अशी एकच गोष्ट जवळून पाहिली होती, आणि ती म्हणजे गारसाइड, असं ती उघड म्हणत असे.

आज दुपारी सभेत वीटभट्टीवाला नगरसेवक हायरम क्रॅबट्री याचा ठराव येणार होता. टॉवरच्या भिंतीला तडा गेलाय, पायाच चुकीचा घातलाय. तेव्हा टॉवर छपरापर्यंत उतरवा आणि दारातल्या दगडावरचं गारसाइडचं नाव छिन्नीनं काढून टाका. सभेत मतं जवळजवळ निम्मी निम्मी होती.

"कुलूप फोडलेलं नाही," टिर्झा म्हणाली. "किल्ली?"

"माझ्या टेबलामागच्या खिळ्याला. नगरसेवक मागतात, नेतात, आणून लावतात. कुणाकुणाला विचारू?"

टिर्झानं गुंडाळीची नाडी उचलली. पिकल्सनं ती सोडली नव्हती, नुसती बाजूला सरकवली होती. दोन वेढे, वर अर्धा फास, आणि टोक आत खोचलेलं. एका हातानं ओढली की सुटणारी गाठ. टिर्झा त्या गाठीकडे बघत राहिली.

"काय झालं?" पिकल्सनं विचारलं.

"काही नाही," टिर्झा म्हणाली. ही गाठ फक्त गारसाइडच्या हापिसात मारत असत. ती येणारी दोनच माणसं आता जिवंत होती, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

२

माणसाला नको असलेलं उत्तर हाती आलं की तो दुसरं शोधायला निघतो. टिर्झा सरळ क्रॅबट्रीच्या वीटभट्टीवर गेली. चोर क्रॅबट्रीच निघाला तर बरं, असं ती वाटभर मनातल्या मनात घोकत होती.

हायरम क्रॅबट्री हापिसात ओटच्या पोळीवर चरबी लावून खात बसला होता. वैर जुनं होतं. टॉवरसाठी त्याच्या बापानं पाठवलेल्या कच्च्या विटा गारसाइडनं नाकारल्या होत्या, आणि बाजारच्या दिवशी, भर रस्त्यातून, सात गाड्या परत पाठवल्या होत्या.

"या या," तो म्हणाला. "म्हाताऱ्यानं वकील पाठवला वाटतं. तोही बाईमाणूस."

"मला कुणी पाठवलेलं नाही. सातवा नकाशा तुम्ही नेलात का?"

क्रॅबट्री इतका हसला की त्याला ठसका लागला. "बाई, गेले दोन महिने मी त्या नकाशासाठी जीव टाकतोय. जुना एक गवंडी मरताना मला सांगून गेला, टॉवरचा जाड पाया भलत्याच बाजूला घातलाय. पूर्वेला हवा होता, पश्चिमेला आहे. पूर्वेला खाली जुन्या ओढ्याची मऊ माती. आता नकाशात जाड भिंत पश्चिमेला दाखवली असेल, तर म्हातारा मूर्ख. पूर्वेला दाखवली असेल, तर त्याचं कामावर लक्ष नव्हतं. दोन्हीकडून माझाच फायदा. मी कशाला पळवू?"

तो माणूस कितीही खत्रूड असला तरी बोलणं बिनतोड होतं. टिर्झा उठली.

"एक विचारू?" क्रॅबट्री मागून म्हणाला. यावेळी तो हसत नव्हता. "ज्याला लपवायचं आहे तो आठवाही नेईल की नाही? उभा छेद आहे तो. त्यातही पाया दिसतो. तुम्ही फक्त सातव्याचंच विचारताय, म्हणजे आठवा जागेवर आहे. मग एकच का नेला?"



३

टाऊन हॉलची राखणदारीण सग्डनबाई तळघरातल्या दोन खोल्यांत राहत असे. विधवा बाई, जिभेला हाड नाही, आणि टाऊन हॉलच्या पितळी मुठी तिच्याइतक्या कुणी चमकवल्या नसतील. टिर्झानं विषय काढताच ती हातातलं फडकं पिळत म्हणाली, "काल दुपारी कोण आलं होतं? कोण नव्हतं आलं ते विचारा. पाय पुसायची एकालाही सवय नाही मेल्यांना."

"गारसाइडसाहेब?"

फडकं थांबलं. "ते दर महिन्याला येतात. टॉवरच्या तळाशी जातात, दहा मिनिटं थांबतात, वर येतात. पंचवीस वर्षं."

"काल महिन्याचा दिवस होता का?"

"नव्हता." सग्डनबाई जवळ सरकली. "आणि छत्री होती बरोबर. तीन आठवडे थेंब नाही पावसाचा, आणि साहेब छत्री घेऊन. येताना काठीसारखी बारीक होती. जाताना जाड. मी काही बोलले नाही. त्या माणसाला मी काय बोलणार?"

टिर्झानं तिच्या हातातलं फडकं घेऊन बाजूला ठेवलं.

"मला टॉवरच्या तळाशी न्या," ती म्हणाली.

"ते मी कुणाला दाखवत नाही."

"तीन वाजता त्यांचं नाव दगडावरून खरवडून काढायचं की नाही, ते ठरणार आहे, सग्डनबाई."

सग्डनबाईनं कंदील उचलला. कोळशाच्या कोठारामागे एक बुटका दरवाजा होता. आत पंचवीस पायऱ्या उतरल्यावर हवा गार झाली. पश्चिमेला क्रॅबट्रीच्या गवंड्यानं सांगितलेली जाड भिंत होती, खडकासारखी. मग बाईनं पूर्वेकडे कंदील वर धरला.

तिथं एक कमान होती, पण उलटी. पाठ जमिनीत आणि दोन्ही टोकं वर, दोन भिंतींना खांदा दिलेली. निळसर विटांच्या सात थरांची, तीस फूट रुंद, एकाही सांध्यात नखभर फट नाही. मऊ मातीवर टॉवरचं सगळं ओझं पसरून धरणारी ही कमान एकाही नकाशावर नव्हती. टिर्झानं या इमारतीचे एकशे चाळीस नकाशे पाहिले होते. ही तिनं कधीच पाहिली नव्हती. डोक्यावर दोनशे फूट दगड उभा आहे आणि तो या ओंजळीत धरलाय, हे तिला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं विटेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"शहाऐंशी सालचा ऑगस्ट," सग्डनबाई हळू आवाजात म्हणाली. "वेक्सची सुट्टी. गिरण्या बंद, अख्खं गाव ब्लॅकपूलला समुद्रावर. साहेब आणि सहा गवंडी इथं खाली. आठ दिवस. साहेबांनी स्वतः विटा वाहिल्या. माझा नवरा त्या सहांत होता. त्यानं मला शपथ घातली होती."

भिंतीवरचा जुना तडा कमानीच्या वरून जात होता. त्यावर ठिकठिकाणी काचेच्या अरुंद पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्या होत्या. भिंत केसभर हलली तर काच तडकते. प्रत्येक काचेवर बारीक अक्षरांत कोरलं होतं, ऑगस्ट १८८६. टिर्झानं एकेक मोजली. अकरा होत्या, आणि अकराही अखंड होत्या.

म्हणजे टॉवर पंचवीस वर्षांत हलला नव्हता. मग ज्या माणसाला हे माहीत होतं, त्यानं हे सभेत सांगायचं सोडून नकाशा का पळवावा?

४

गारसाइड टेकडीवरच्या घरात खिडकीशी बसला होता. खिडकीतून सगळं गाव दिसायचं आणि गावातलं निम्मं त्यानंच बांधलेलं होतं. समोर आल्याचा केक तसाच पडला होता.

"ये पोरी," तो म्हणाला. टिर्झा पंचेचाळीस वर्षांची होती, पण त्याच्या लेखी अजून पोरच. "पिकल्सनं तुला कामाला लावलंय, ऐकलं मी."

"साहेब, नाडीची गाठ तुमची आहे."

"हं."

"आणि छत्री."

"सग्डनबाईचं तोंड." तो जरासा हसला. "मी नेला. झालं? जा, सांग पिकल्सला."

ती इतक्या सोप्या कबुलीसाठी तयार नव्हती. "कुठाय तो?"

"चुलीत घातला. मेणासारखं जळतं ते कापड."

"पण का? मी खाली जाऊन आले. कमान पाहिली. काचा पाहिल्या. नुसतं पिकल्सला खाली नेऊन दाखवलंत तरी क्रॅबट्रीचा ठराव हवेत विरेल."

म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "कमान दाखवली की लोक विचारतील, ती का बांधावी लागली. मग विचारतील, पाया कुणी चुकवला. टॉवर पाडणार नाहीत ते. एवढा खर्च ऐकून त्यांची छाती दडपेल. राहिलं माझं नाव. काढू देत. मी काही त्या दगडात राहत नाही."

"मला तर राहावं लागतं ना त्या दगडाशेजारी. रोज त्याच दारानं आत जाते मी."

"टिर्झा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम कोरडा झाला, "तू माझी फार चांगली कामगार होतीस. एक शेवटचं सांगतो ते ऐक. यात आणखी खोल जाऊ नकोस."

चौतीस वर्षं भर सभेत कुणालाही न घाबरलेला माणूस घाबरला होता, आणि ते तिला स्पष्ट दिसलं.

५

दीड वाजला होता. टिर्झानं दप्तरखान्यात आठवा नकाशा टेबलावर पसरला.

क्रॅबट्रीचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. एकच का नेला? आठव्यात टॉवर उभा कापून दाखवला होता. जाड भिंत पूर्वेला. गारसाइडनं मनात जे योजलं ते हेच, आणि ते बरोबर होतं. पण गवंडी पाया खणतात तो उभ्या छेदावरून नाही, सपाट नकाशावरून, म्हणजे सातव्यावरून. आणि खणलाय पश्चिमेला. म्हणजे सातव्यात जाड भिंत पश्चिमेला असणार. दोन्ही नकाशे एकाच माणसाच्या पेन्सिलीतून आले, तर एक बरोबर आणि एक उलटा कसा?

मधल्या हातामुळे. साहेब पेन्सिलीनं काढायचे, ट्रेसर ते कापडावर शाईनं उतरवायचा. आठव्याच्या कोपऱ्यात रीतीप्रमाणे तीन सह्या होत्या: काढला, उतरवला, तपासला. 'उतरवला'समोर राल्फ बॉटम्लीची आद्याक्षरं होती. बॉटम्ली जाऊन बारा वर्षं झाली होती. सातव्यावर कुणाची होती?

टिर्झाला आठवेना. मग हळूहळू आठवायला लागलं.

पंच्याऐंशीचा ऑगस्ट. शनिवार. वेक्सची गाडी एकला सुटणार. हापिसाचा नियम कडक होता: सुरू केलेला भाग त्याच दिवशी संपवायचा, कारण ट्रेसिंगचं कापड दमट हवेत सैल पडतं आणि खालच्या रेघांशी जुळत नाही. तिच्या फळीवर फक्त टॉवरचा चौकोन राहिला होता. पेन्सिलीचा छोटासा वेगळा कागद, चारही बाजू सारख्या लांबीच्या, फक्त एक भिंत जाड, उत्तरेची खूण नाही, आकडे अजून टाकायचे. एकोणीस वर्षांची टिर्झा पहिल्यांदा समुद्र बघायला निघाली होती. तिनं टाचण्या काढल्या आणि पळाली. आठ दिवसांनी परत आली, कापड पुन्हा ताणलं, कागद खाली सरकवला, आणि अर्ध्या तासात चौकोन काढून त्यावर अक्षरं लिहिली.

तो कागद तिनं फिरवून लावला होता.

पुढच्याच वर्षी त्याच सुट्टीत ती पुन्हा वाळूत बसून शिंपले खात होती, आणि इथं जमिनीखाली तिचा साहेब स्वतःच्या हातांनी विटा वाहत होता. त्यानंतर चौदा वर्षं ती त्याच्या हापिसात रोज समोर बसली. एक शब्द नाही, एक वाकडी नजर नाही. वाचनालयाची जागा निघाली तेव्हा सभेत तिची शिफारसही त्यानंच केली होती. सातवा नकाशा जागेवर असता तर आठव्याशेजारी ठेवून शेंबडं पोरही बोट ठेवू शकलं असतं, चूक कुणाची. सातवा नाहीसा झाला की सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर येणार होतं, आणि म्हणूनच त्यानं तो एकच नेला होता.

टिर्झा बराच वेळ रडली. मग तिनं तोंड धुतलं आणि केस सारखे केले. हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. पुरावा जळून गेला होता, बॉटम्ली मेला होता, आणि साहेब मरेपर्यंत बोलणार नव्हता. गप्प बसायला तिला काहीही करावं लागणार नव्हतं.

तीनला पाच मिनिटं कमी होती.

६

सभागृह खच्चून भरलं होतं. क्रॅबट्री पाऊण तास बोलला. गारसाइड आपल्या जागेवर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. नकाशा कुठाय, असं नगराध्यक्षांनी विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी नेला. कारण सांगणार नाही. मतं घ्या."

सभेत कुजबुज उठली. त्याच्या बाजूची माणसंसुद्धा मान खाली घालून बसली. तेवढ्यात प्रेक्षकांच्या सज्जातून टिर्झाचा आवाज आला.

"नगराध्यक्ष महाराज, कारण मला माहीत आहे."

गारसाइड ताडकन उठला. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला तसं उठता येईल, असं कुणाला वाटलं नसतं. "हरकत आहे माझी. नियम बावीस. सज्जातल्या माणसाला सभेत बोलता येत नाही."

"हा नियम तुम्हीच लिहिलाय," पिकल्स नकळत बोलून गेला.

"म्हणूनच मला पाठ आहे. बाईंना खाली बसवा."

क्रॅबट्रीच्या चेहऱ्यावर लोणी वितळलं. म्हाताऱ्याच्याच हापिसात वाढलेली बाई म्हाताऱ्याला बुडवायला उठली आहे, आणि म्हातारा तिला अडवतोय, यापरता योग कुठला? "नियम बावीस आजपुरता बाजूला ठेवावा, असं मी सुचवतो," तो म्हणाला. "बोलू द्या त्यांना."

हात वर झाले. टिर्झा कठडा धरून उभी राहिली. तिचा आवाज साफ होता. तिनं कमानीचं सांगितलं. अकरा काचांचं सांगितलं आणि म्हणाली की सभा संपली की प्रत्येकानं खाली उतरून आपल्या बोटानं तपासून यावं. आठव्या नकाशात पाया बरोबर का आहे ते सांगितलं. मग म्हणाली, "सातवा नकाशा मी उतरवला होता. गाडी चुकू नये म्हणून अर्धा टाकून गेले आणि परत येऊन उलटा लावला. गारसाइडसाहेबांनी तो नेला तो माझी सही तुमच्या हाती लागू नये म्हणून. टॉवर वाचवला तो त्यांनी. वाकडा केला तो मी. वाचनालयातली माझी जागा दरसाल तुमच्या मतावर असते, हे मला ठाऊक आहे."

सज्जात सग्डनबाई ओक्साबोक्शी रडत होती. क्रॅबट्री खुर्चीत जरासा खाली सरकला होता.

"बाई खोटं बोलतात," गारसाइड म्हणाला. मग त्याला ते पुढे रेटता येईना. त्यानं काठी टेबलावर ठेवली. "खोटं नाही. अर्धवट बोलतात. नकाशावर तीन सह्या असतात. तिसरी 'तपासला'. ती माझी होती. मी तो नकाशा हातात घेतला, बघितला, आणि सही केली. नुसता वरवर बघितला, कारण त्या दिवशी पाण्याच्या ठरावावर मतं होती आणि मला इथं यायची घाई होती. ट्रेसरची चूक पकडायलाच तपासणारा असतो. पण मला या गावाचे लोक माहीत आहेत. त्यांनी तीन सह्यांतली एकच वाचली असती. बाईची."

क्रॅबट्रीनं ठराव मागे घेतला नाही. तो त्या जातीचा माणूस नव्हता. मतं झाली. ठरावाच्या बाजूनं वर झालेला हात फक्त त्याचा होता, आणि तोही कोपरापर्यंतच. मग कुणीतरी पुढच्या बाकावरून उठलं, आणि मग सगळेच उठून उभे राहिले, निम्मे म्हाताऱ्याकडे तोंड करून आणि निम्मे सज्जाकडे.

सगळे बसले तेव्हा पिकल्सनं घसा साफ केला. नियम पाळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं टाक दौतीत बुडवला.

"इतिवृत्तासाठी विचारतो," तो म्हणाला. "पायाची चूक कुणाची, म्हणून नोंदवू?"

"माझी," खालून आणि वरून एकदमच आवाज आले.

पिकल्सनं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा सज्जाकडे. मग त्यानं टाक पुसला आणि ती ओळ कोरी सोडून पुढचा विषय वाचायला घेतला.